हीरो एक्सपल्स २०० ४व्ही मोटरसायकल : सामानासह कच्च्या वाटांसाठी आधी कोणते बदल करावेत?

प्रश्न (इंदूर) :
माझी गाडी कंपनीतून आली तशीच आहे. महामार्गाने मांडू, आणि कधी महूपलीकडे जानापावकडच्या कच्च्या वाटा, असा सामानासह प्रवास करायचा आहे. खर्च आधी कशावर करावा?

उत्तर १ :
पुढे २१ आणि मागे १८ इंची चाक असल्याने पाया उत्तम आहे. सुरुवात टायरपासून करावी. खोल खाचांचे टायर मुरमावर चांगले चालतात, पण ओल्या डांबरावर त्यांची पकड घटते, म्हणून आपल्या प्रवासाला मधला प्रकारच योग्य. माळव्याची काळी माती मात्र पावसाळ्यात कोणत्याही टायरच्या खाचा भरून टाकते. तेव्हा त्या वाटा टाळाव्यात. हवा फार कमी केल्यास दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चिमटते व फाटते, यासाठी जादा ट्यूब, टायर लिव्हर (रिमवरून टायर काढायची पट्टी) आणि पंप सोबत असावेत.

उत्तर २ :
टायरबाबत सहमत आहे, तरी मला सामानाची जागा त्याहून महत्त्वाची वाटते. मागे उंच पेटी लावली की पुढचे चाक हलके होते आणि वाळूत गाडी भरकटते. त्याऐवजी दोन्ही बाजूंना खाली, शक्य तितक्या पुढे बसणाऱ्या कापडी पिशव्या घ्याव्यात व मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड (स्प्रिंगवरचा सुरुवातीचा दाब) वजनानुसार वाढवावा. सायलेन्सर मात्र कृपया बदलू नका.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. हँडगार्डविषयी (हँडलवर बसणाऱ्या, हात व लिव्हर वाचवणाऱ्या कवचाविषयी) काय मत आहे?

उत्तर २ :
आतून धातूची पट्टी असलेलेच घ्या. गाडी आडवी पडली तरी क्लचचा लिव्हर वाचतो.