पहिलं सिझर नाशिकला, आता दुसऱ्या वेळी यूकेत : मिडवाइफच्या अपॉइंटमेंटमध्ये नक्की काय होतं?

नमस्कार मंडळी,

आठवा आठवडा चालू आहे. आई आणि सासूबाई सोडून कोणालाच सांगितलेलं नाही, म्हणून नवीन आयडीने लिहितेय.

मोठी लेक साडेचार वर्षांची, नाशिकची. सातव्यात माहेरी गेले ती तिला तीन महिने झाल्यावरच सासरी परतले. घराजवळचं मॅटर्निटी होम, दर महिन्याला डॉक्टर, शेवटी शेवटी दर आठवड्याला. गेल्या गेल्या वजनकाटा, मग बीपी, आणि जवळपास प्रत्येक वेळी पोटावर ती थंडगार जेली. शेवटी कळा देऊन बारा तास झाले, बाळाचे ठोके कमी व्हायला लागले आणि रात्री दोनला सिझर.

आता आम्ही रेडिंगला. गेल्या आठवड्यात हॉस्पिटलच्या वेबसाइटवर फॉर्म भरला. फोन आला, साडेनऊ आठवड्यांना 'बुकिंग अपॉइंटमेंट' आहे म्हणून. डॉक्टर कधी भेटतील विचारलं तर म्हणे मिडवाइफ भेटेल. सासूबाईंना हे सांगितल्यावर पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाल्या, "अगं, म्हणजे सुईण? सुईण माझ्या सासूबाईंच्या वेळी यायची!"

त्यात वाचलं की पहिलटकरणीला दहा अपॉइंटमेंट आणि दुसऱ्या वेळी फक्त सात. हे उलटं नाही का? माझं तर आधी पोट उघडून झालंय. सोळाव्या आठवड्यानंतर थेट अठ्ठाविसावा! मधले बारा आठवडे माझ्याकडे बघणार कोण?

बुकिंगला काय विचारतात, नाशिकची फाइल न्यायची का, सोनोग्राफी किती, आणि या वेळी पुन्हा सिझरच की नॉर्मलचा विचार करता येतो? आईला डायबेटिस आहे, तेही सांगायचं का? आणि लेकीला कोणाकडे ठेवायचं? इथे आमचं जवळचं कोणी नाही.

प्रश्न बाळबोध वाटले तर सांभाळून घ्या.

— आठवा_आठवडा

*

कोकमसार : अभिनंदन गं! माझी दोन्ही लेस्टरला झाली, त्यामुळे दहा आणि सात दोन्ही भोगून झालंय.

सात म्हणजे बुकिंग (नाव नोंदवायची पहिली भेट), मग १६, २८, ३४, ३६, ३८ आणि तोवर बाळ आलं नसेल तर ४१. पहिल्या वेळी यात २५, ३१ आणि ४० या तीन जास्तीच्या. पण हे फक्त मिडवाइफचे आकडे हं. स्कॅन वेगळे. पहिला ११ ते १४ आठवड्यांत, दुसरा १८ ते २१ मध्ये. म्हणजे तुझ्या त्या बारा आठवड्यांत विसाव्याच्या आसपासचा मोठा स्कॅन येतोच. आईला डायबेटिस आहे म्हणतेस, शिवाय आपण देशी, त्यामुळे २४ ते २८ च्या मध्ये साखरेची टेस्टही लागेल. रात्रीपासून उपाशी जायचं, रक्त द्यायचं, ७५ ग्रॅम ग्लुकोजचं ते गोडमिट्ट पाणी प्यायचं, दोन तास बसून राहायचं, परत रक्त. पुस्तक ने. आणि परतीच्या वाटेवर खायला पर्समध्ये पराठा ठेव, मी ठेवला नव्हता आणि बसस्टॉपवर चक्कर आली होती.

वजनकाटा विसर. बुकिंगला एकदा वजन-उंची घेतात, पुढे सहसा नाही. पहिल्या वेळी मला वाटायचं, अरे, हे विसरले की काय! मिडवाइफची भेट म्हणजे बीपी, लघवी, "कसं वाटतंय", आणि पंचविसाव्या आठवड्यानंतर टेप लावून पोटाची उंची. शिंप्याकडे आल्यासारखं वाटतं. वीस मिनिटांत बाहेर.

*

चहा_कमी_साखर : मी इथे लीड्सजवळ मिडवाइफ म्हणूनच काम करते, तेव्हा सासूबाईंसाठी आधी : तीन वर्षांची डिग्री असते हो, आणि रजिस्ट्रेशनशिवाय कोणी हात लावू शकत नाही. सुईण म्हटलेलं मला चालतं, माझी आजीही म्हणते.

आता महत्त्वाचं. सातचं वेळापत्रक सगळं सुरळीत असणाऱ्यांसाठी आहे. आधीचं सिझर असलं की नुसत्या मिडवाइफवर सोडत नाहीत. बुकिंगला तू हे सांगितलंस की कन्सल्टंटच्या टीमकडे किंवा खास सिझरनंतरच्या बाळंतपणाच्या क्लिनिकला तुझं नाव जातं. म्हणजे डॉक्टर भेटतील, पण दर महिन्याला नाही. एकदा, फार तर दोनदा, आणि त्यात मुख्य चर्चा हीच की या वेळी कसं करायचं.

निर्णय तुझा असतो. एक सिझर झालेल्या, पुढच्या वेळी नॉर्मलसाठी थांबणाऱ्या १०० जणींत साधारण ७२ ते ७५ जणींची नॉर्मल होते. गर्भाशयावरचा जुना टाका कळांमध्ये उसवण्याचा धोका २०० मध्ये साधारण एकीला. म्हणून कळा सुरू झाल्यावर ठोक्यांवर सतत लक्ष ठेवतात. ठरवून सिझर हवं असेल तर ते सहसा ३९ आठवड्यांच्या सुमारास.

यासाठी तुझी नाशिकची फाइल सोन्याची आहे. डिस्चार्ज कार्डवर 'एलएससीएस' लिहिलंय का बघ. म्हणजे छेद गर्भाशयाच्या खालच्या भागात, आडवा. बाहेरच्या त्वचेवरच्या व्रणावरून आतला छेद कळत नाही, त्यामुळे कागद लागतो. सिझर का केलं, गर्भाशयाचं तोंड किती उघडलं होतं, बाळाचं वजन किती, हेही. नसेल तर नाशिकला फोन करून ऑपरेशन नोट्सचा फोटो मागवून घे, आत्ताच. आयत्या वेळी जुनं रेकॉर्ड सापडणं कठीण.

आणि विसाव्याच्या स्कॅनला वार (प्लासेंटा) कुठे आहे ते विचार. वार खाली, जुन्या टाक्याजवळ असेल तर ३२ व्या आठवड्याला पुन्हा स्कॅन होतो.

राहिले ते बारा आठवडे. तुझ्या फोनमध्ये मॅटर्निटी ट्रायजचा, म्हणजे हॉस्पिटलच्या गरोदर बायकांसाठीच्या तातडीच्या विभागाचा नंबर हवा, तो चोवीस तास चालू असतो. रक्त जाणं, पाणी जाणं, पोटात खूप दुखणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे चमकणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर अपॉइंटमेंटची वाट बघत बसायचं नाही. दुसऱ्या वेळी हालचाल लवकर, सोळाव्याच्या आसपासही कळते. किती वेळा हलायला हवं असा आकडा नाही. तुझ्या बाळाची जी सवय आहे, ती बदलली की फोन. आपल्या बायका "उगाच त्रास कशाला द्यायचा" म्हणून सकाळपर्यंत थांबतात. आम्ही रात्री तिथे त्यासाठीच बसलेलो असतो गं.

*

नवरा_क्रमांक_१ : एका बाप्याचा सल्ला चालेल का?

बुकिंगला नवऱ्याला सांगून ने की मध्येच त्याला बाहेर बसायला सांगतील. मला सांगितलं आणि मी तोंड पाडून कॉरिडॉरमधली पोस्टर वाचत बसलो. नंतर कळलं की घरी मारहाण, धाकदपटशा आहे का, हे प्रत्येकीला एकटीला विचारतात. आपल्यावर संशय नसतो. बायकोच्या वतीने इंग्रजीत उत्तरं द्यायलाही जाऊ नका, भाषेची अडचण असेल तर ते स्वतः दुभाषा देतात. तुम्ही दोघं नात्यातले आहात का हेही विचारतात, तेव्हा मामाची मुलगी असेल तर लाजू नका. सिगारेट ओढत नसलात तरी नळीत फुंकायला लावतात.

सुट्टीचं : नोकरी करणाऱ्या आईला सगळ्या तपासण्यांना पगारी वेळ मिळतो. बापाला दोन अपॉइंटमेंटना, प्रत्येकी साडेसहा तासांपर्यंत, पण बिनपगारी. मी दोन्ही स्कॅनला वापरले. आणि विसाव्या आठवड्यानंतर मिडवाइफकडून मॅट बी १ फॉर्म मागून घ्या, मॅटर्निटी पेसाठी ऑफिसला तोच लागतो.

*

उंटावरची : सगळे फारच गोड बोलतायत, म्हणून माझं कडू लिहिते.

दुसऱ्या वेळी मला प्रत्येक भेटीला वेगळी मिडवाइफ. प्रत्येकीला पहिल्यापासून कहाणी. पहिल्या खेपेला माझं बीपी वाढलं होतं, ते एकीने कॉम्प्युटरवर टाकलंच नाही आणि मी "त्यांना माहीत असेल" म्हणून गप्प. त्यासाठीची ॲस्पिरिन बाराव्या आठवड्यापासून सुरू व्हायला हवी होती, ती सतराव्याला मिळाली. तीही मीच विचारलं म्हणून. "सेकंड टाइम मम, यू नो इट ऑल" असं हसून म्हणतात, आणि आपण सगळं माहीत असल्यासारखं हसतो.

माझा उपाय : एका कागदावर पहिल्या बाळंतपणाच्या पाच ओळी. प्रत्येक नव्या चेहऱ्यापुढे तो कागद. चिडायचं नाही, लाजायचं नाही.

*

कोकमसार : @उंटावरची +१. कागद भारी आयडिया.

लेकीचं राहिलं. आमच्याकडे साध्या अपॉइंटमेंटला मुलं चालायची, स्कॅनला नको म्हणायचे. तुमच्या हॉस्पिटलचा नियम विचारून घे. मी शेजारच्या पोलिश बाईशी साटंलोटं केलं होतं : तिच्या मुलाला मी शाळेतून आणायची, माझ्याला ती. आईला बोलवणार असशील तर व्हिजिटर व्हिसावर सहा महिने राहता येतं. फार आधी बोलावू नकोस, खरी गरज नंतर लागते. आणि येताना डिंकाचे लाडू आण म्हणावं, आळीव इथे मिळतात.

*

भेंडीबाजार : स्कॅनला सोनोग्राफर सहज विचारेल, "मुलगा की मुलगी सांगू?" आयुष्यभर 'येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही' ही पाटी बघितलेली असते, आम्ही दोघं एकदम दचकलो आणि एकाच वेळी "नो नो" म्हणालो. काय हवं ते घरून ठरवून जा.

*

आठवा_आठवडा (आता दहावा!) : सगळ्यांचे मनापासून आभार. परवा बुकिंग झालं.

सव्वा तास! मला वाटलं होतं बीपी घेऊन पाठवतील. नवऱ्याला बाहेर काढलं, तो हसतच गेला (@नवरा_क्रमांक_१, तुम्हाला एक चहा). नाशिकहून डॉक्टरांच्या असिस्टंटने ऑपरेशन नोट्सचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले. मिडवाइफने ते झूम करकरून वाचले, 'एलएससीएस' दिसल्यावर "लव्हली" म्हणाली. माझ्या सिझरला कोणी लव्हली म्हणेल असं वाटलं नव्हतं. कन्सल्टंट क्लिनिकला नाव गेलंय, साखरेची टेस्टही लिहून घेतली. पाच ओळींचा कागद तिने स्वतःहून स्कॅन करून घेतला.

आल्या आल्या सासूबाईंना फोन. रक्ताचे रिपोर्ट ॲपवर आले होते, नवऱ्याने वाचून दाखवलं, "हिमोग्लोबिन ११२." तिकडे हाहाकार. इथे लिटरमध्ये मोजतात, आपलं ११.२, हे समजवायला दहा मिनिटं गेली. (साखरेचंही तसंच म्हणे, इथल्या आकड्याला १८ ने गुणायचं. दोन तासांनंतरचं इथलं ७.८ म्हणजे आपलं १४०.) मग त्यांनी विचारलं, "आणि ती सुईण कशी आहे?" म्हटलं, सव्वा तास बोलली. त्यावर त्या म्हणाल्या, "आपले डॉक्टर तर पाच मिनिटं पण नाही बोलायचे." मग लगेच : "पण पोट तपासलं का तिने?" नाही तपासलं, दहाव्याला हाताला काही लागत नाही, ती म्हणाली. हे काही त्यांना पटलेलं नाही.

नॉर्मल की सिझर, अजून काही ठरवलं नाही. रात्रीचे ते दोन वाजलेले आठवतात आणि पोटात गोळा येतो. ज्यांनी सिझरनंतर नॉर्मलचा प्रयत्न केला, यशस्वी झाला असो वा नसो, त्यांनी कृपया लिहा. विशेषतः कळा सुरू झाल्यावर हॉस्पिटलला कधी निघालात?