मदत हवी आहे: पिंजऱ्यातल्या एकट्या माकडाला गुंतवायचं कसं? (कराड, जि. सातारा)

जखमी प्राण्यांच्या एका केंद्रात मी सुट्टीच्या दिवशी मदतीला जातो. तिथे एक टोपी माकड आहे, पूर्ण वाढलेला नर. विजेच्या तारेचा शॉक बसल्यामुळे उजवा हात कोपरापासून काढावा लागला, त्यामुळे रानात सोडता येत नाही. (वनखात्याच्या ताब्यातलं आहे. तेव्हा ‘१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा वाचा’ असे प्रतिसाद कृपया नकोत.)

अडचण अशी की ताटलीतलं खाणं हा गडी दोन्ही गालांत कोंबून मोकळा होतो. रानात त्याच्या जातभाईंचा बराचसा दिवस खाणं शोधण्यात, सोलण्यात जातो. याला पुढे दिवसभर काम नाही. मग जाळीच्या कडेने एकाच वाटेने येरझाऱ्या, आणि हल्ली मांडीवरचे केस उपटतो. टायर टांगला, चेंडू दिला. नव्याचे नऊ दिवस, मग ढुंकूनही बघत नाही. खेळणी सुचवू नका. खाणं मिळवायला वेळ लागेल, पण एका हाताने जमेल असं काही आहे का? दुसरं माकड सोबतीला ठेवता येईल?

प्रतिसाद १
केसांचं आधी डॉक्टरांना दाखवा, त्वचेचा आजारही असू शकतो. तसं नसेल तर ताटली बंदच करा. तुमच्या भागात उसाच्या पाचटाला काय तोटा! कोरडं पाचट जाड पसरून त्यात ज्वारी, हरभरे विखरून टाका. ओलं झालं की लगेच बदला, बुरशी धरते. बांबूचं एक पेर दोन्ही गाठी राखून कापा, शेंगदाण्याहून जरा मोठी भोकं पाडा, आत शेंगदाणे भरा आणि जाळीला नटबोल्टने घट्ट बसवा. लोंबतं ठेवलंत तर असलेला हात ते धरण्यातच जाईल. उंबराच्या, चिंचेच्या डहाळ्याही द्या. कण्हेर चुकूनही नको. सगळं रोज देऊ नका, आलटूनपालटून.

प्रतिसाद २
खरा इलाज सोबतच, पण दोन नर एकदम एकत्र सोडले तर फाडाफाडी होईल. आधी टीबीची तपासणी (माणसाकडूनही लागतो त्यांना), मग शेजारी शेजारी पिंजरे, मध्ये जाळी. मादी असेल तर नसबंदीचाही विचार लागेल. परवानगी अर्थात वनखात्याची. आणि माकडाला उंचावरच निर्धास्त वाटतं, तेव्हा बसायची फळी माणसाच्या डोक्याच्या वर आहे ना?

धागाकर्ता
नाही, कमरेएवढीच आहे. वर घेतली तर एका हाताने चढेल?

प्रतिसाद २
चढेल, पाय हातासारखेच चालतात त्याचे. मध्ये दोन तिरके वासे द्या आणि फळीखाली पाचट भरपूर ठेवा.