रायगडाआधी ‘ऑन’, ‘ॲट’ की ‘इन’?

गडवाट:
शिवरायांचा राज्याभिषेक १६७४ साली रायगडावर झाला, हे पुतणीने इंग्रजी निबंधात ‘ऑन रायगड’ असं लिहिलं. बाईंनी ‘ऑन’ खोडून ‘इन’ केलं. मला हे मुळीच पटलेलं नाही. ‘इन रायगड’ वाचलं की जिल्हाच डोळ्यांपुढे येतो. कुलाबा जिल्ह्याला १९८१ मध्ये रायगड नाव मिळालं, तेव्हापासून अलिबाग आणि पेणसुद्धा ‘इन रायगड’च. गडावर आपण चढून जातो, तेव्हा ‘ऑन’च बरोबर.

खडूफळा:
‘इन’ चूक, हे मान्य. पण तुमचा ‘ऑन’ आपल्या ‘वर’मधून आलाय. वर्गात ही चूक मी रोज बघते. अमुक ठिकाणी अमुक घडलं, एवढंच सांगायचं असेल तर ‘ॲट रायगड’. ताजमहाल घ्या: तो ‘इन आग्रा’, ‘ऑन द बँक ऑफ द यमुना’, आणि तिथे भेटायचं ठरलं तर ‘ॲट द ताज’. ‘इन द ताज’ म्हटलं की माणूस थेट घुमटाखाली गेला. वास्तू एकच, पण आपण तिच्याकडे कुठून बघतो त्यावर शब्द ठरतो. आणि मराठी ‘वर’चा तरी काय भरवसा? पुण्यात शनिवारवाड्यावर सभा होते, म्हणजे वाड्यासमोरच्या पटांगणात!

गडवाट:
शनिवारवाड्याचं एकदम मान्य. पण रायगड म्हणजे चार भिंतींचा वाडा नव्हे. होळीचा माळ, बाजारपेठ, जगदीश्वराचं देऊळ, सगळं डोंगराच्या माथ्यावर आहे. इंग्रज ‘ऑन एव्हरेस्ट’ म्हणतात, केपटाऊनच्या सपाट डोंगराला ‘ऑन टेबल माउंटन’ म्हणतात. मग आमच्याच डोंगराला का नाही?

दर्यावर्दी:
बेटांनाही ‘ऑन’च लागतो. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा ‘ऑन लिबर्टी आयलंड’ आहे. तरी मुरूडचा जलदुर्ग बघून आलो की मी ‘ॲट जंजिरा’ म्हणतो, कारण मनात बेट नसतं, किल्ला असतो.

खडूफळा:
माझं म्हणणं नेमकं हेच आहे. रायगड चढलात, माथ्यावर फिरलात, तर ‘ऑन’ला माझी हरकत नाही, तेव्हा तुम्ही डोंगराबद्दल बोलताय. राज्याभिषेक मात्र राजधानीत झाला. तिथे ‘ॲट’च.

गडवाट:
राजधानीसाठी महाराजांनी हा डोंगर निवडला तो त्याच्या उंचीमुळे आणि ताशीव कड्यांमुळे. राजधानीतून डोंगर वेगळा काढायचा कसा? बाईंना भेटून ‘इन’ काढायला सांगणार आहे, पण त्या जागी ‘ॲट’ लिहा असं माझ्या तोंडून निघणार नाही.