आईचा मेकअप करताना माझा हात जड पडतोय, पावडर सुरकुत्यांत जाऊन बसते

जडहात:
आई पुढच्या शनिवारी निवृत्त होतेय. कार्यक्रम तीन-चार तासांचा, फोटो भरपूर. आयुष्यात लिपस्टिकच्या पुढे न गेलेली बाई यावेळी स्वतःहून म्हणाली, "तूच काहीतरी कर माझ्या चेहऱ्याचं."

काल रंगीत तालीम केली. मी स्वतःला करते तसंच सगळं केलं. मॉइश्चरायझर, त्यावर लगेच फाउंडेशन, जाड ब्रशने गोल गोल फिरवून. डोळ्यांखाली कन्सीलरचे मोठे त्रिकोण, वर लूज पावडरचा थर, दहा मिनिटं तसाच ठेवून मग झटकला. माझं वय 27, कातडी तेलकट, मला हे चालतं. आईच्या गालावर मात्र खोडरबराच्या कचऱ्यासारख्या गुंडाळ्या निघाल्या. डोळ्यांखाली तर एरवी न दिसणाऱ्या रेघासुद्धा पांढऱ्या होऊन दिसायला लागल्या. मी कपाळावर ब्रश फिरवत होते तेव्हा ती म्हणाली, "अगं, तोंड आहे माझं, कढई नाही."

चूक सामानात आहे की हातात? पावडर अजिबात लावू नको का? सेटिंग स्प्रे आणून ठेवलाय, पण त्याचा वास स्पिरिटसारखा येतो.

विंगेतली:
हातात. सामान बदलायला धावू नकोस.

हौशी नाटकांसाठी 19 वर्षं रंगभूषा करतेय. त्यात साठीपुढच्या कितीतरी बायकांचे चेहरे हाताखालून गेले. पहिल्या दोन-तीन वर्षांत मीही कढयाच घासल्या.

गुंडाळ्या का निघाल्या ते आधी सांगते. क्रीम, सनस्क्रीन, प्रायमर यांत बरेचदा सिलिकोन किंवा पातळ पापुद्रा धरणारे घटक असतात. तो पापुद्रा धरायच्या आत वरून घासलंस की सगळं सुटून वळ्या होतात. कोरड्या कातडीचे सुटे पापुद्रेही त्यात येतात. म्हणून मॉइश्चरायझर लावलं की किमान पाच-सात मिनिटं थांब. तेवढ्यात तिचे केस कर. मग टिश्यू चेहऱ्यावर नुसता ठेवून उचल. जास्तीचं क्रीम टिश्यूला येईल, हवं तेवढं आत राहील.

आता स्पंज. पूर्ण भिजवायचा, पिळायचा, मग कोरड्या टॉवेलात गुंडाळून परत पिळायचा. हाताला गार लागला पाहिजे, पण बोट दाबल्यावर पाणी दिसता कामा नये. फाउंडेशन थेट चेहऱ्यावर ओतू नकोस. हाताच्या पाठीवर वाटाण्याएवढं घे, त्यातलं स्पंजला टिपून घे आणि गालाच्या मधल्या भागापासून बाहेर जा. स्पंज सरकवायचा नाही. टेकवायचा, उचलायचा, टेकवायचा, उचलायचा. कातडी जागची हलली तर समज जोर जास्त झाला. आवाजावरूनही कळतं: थपथप ऐकू आली तर जड, काहीच ऐकू आलं नाही तर बरोबर. जबड्यापाशी पोचेपर्यंत स्पंजात जवळजवळ काही उरलेलं नसावं. कडा आपोआप विरते.

डोळ्यांखाली त्रिकोण विसर. पापणीची कातडी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते आणि डोळ्यांखालची थोडीच जास्त. तिथे तेलही फार सुटत नाही. त्यावर एवढी पावडर टाकून दहा मिनिटं ठेवायची म्हणजे होता तो ओलावाही शोषून घ्यायचा. कन्सीलर फक्त काळं दिसतं तिथे, म्हणजे बहुतेक वेळा नाकाजवळच्या कोपऱ्यात, टाचणीच्या डोक्याएवढे दोन ठिपके. अनामिकेने टिप, त्या बोटाला मुळातच जोर कमी. मग एक मिनिट हात लावू नकोस. तिला वर बघायला सांग. जमलेली रेघ दिसेल, ती रिकाम्या बोटाने टिपून घे आणि लगेच पावडर लाव. रेघ तशीच ठेवून पावडर लावलीस तर ती रेघच पक्की होते. तुझं काल नेमकं हेच झालं.

बाकी चेहऱ्यावर पावडर हवीच, पण नाकाच्या बाजूला, कपाळाच्या मध्ये, हनुवटीवर. पफवर थोडी घे, पफ दुमडून आतल्या आत चोळ, हाताच्या पाठीवर दोनदा आपट. आता पफवर काहीच नाही असं वाटेल. तेवढीच हवी. पफ चेहऱ्यावर ठेवून हलकेच दाब आणि पोळपाटावर लाटणं थोडंसं फिरवावं तसा कडेकडेने उचल. गालांना राहू दे थोडी चमक, त्या वयात सुंदर दिसते ती.

कोरडीठाक:
मी स्वतः 61 वर्षांची, म्हणजे मेकअप करून घेणाऱ्यांच्या बाजूने लिहितेय. भाची मेकअप करते तेव्हा डोळ्याचा कोपरा कानाकडे ताणून धरते. ताणल्यावर सगळं गुळगुळीत दिसतं, सोडल्यावर पुन्हा घड्या, आणि डोळ्यातून पाणी येतं ते वेगळंच. ताणू नका. आम्हाला वर बघायला सांगा, आम्ही बघतो!

आणि डोळ्यांखाली मी पावडर लावतच नाही. टिश्यूचा एक पदर सुटा करून टेकवते, बस्स. विंगेतली यांना पटणार नाही, पण चार तास माझं काही वाहून गेलेलं नाही.

विंगेतली:
पटतंय की. रंगमंचावरच्या दिव्यांखाली घाम येतो म्हणून मला ती सवय लागलीय. साध्या खोलीत टिश्यूवर भागेल.

बाटलीवरचं_वाचणारा:
स्प्रेबद्दल. टिकवणारे जे स्प्रे असतात त्यांत पापुद्रा धरणारं पॉलिमर असतं आणि ते झटकन सुकावं म्हणून बऱ्याचदा अल्कोहोल. तुमच्या बाटलीचा वास तोच. कोरड्या कातडीला ते ओढल्यासारखं वाटू शकतं, तेव्हा आधी जबड्यावर थोडा मारून बघा. ग्लिसरीनवाले फवारे वेगळे: ते पावडरीचा पिठूळपणा घालवतात, पण टिकवण्याचं काम फारसं करत नाहीत. कुठलाही असो, डोळे मिटून, 20-25 सेंटिमीटरवरून, दोनदा. थेंब दिसले तर जवळून मारलाय. सुकेपर्यंत हसू नका म्हणावं.

फोटोत फ्लॅश असेल तर अंधाऱ्या खोलीत एक फ्लॅशचा फोटो काढून बघा. सिलिका जास्त असलेली पांढरी पावडर आरशात दिसत नाही, फ्लॅशमध्ये पांढरीफटक उठते.

जडहात:
आज दुसरी तालीम. डाव्या डोळ्याखाली पफ, उजव्या डोळ्याखाली नुसता टिश्यू. फाउंडेशन कालच्या निम्म्याहून कमी लागलं. टॉवेलात पिळायची युक्ती मला माहीतच नव्हती, माझा स्पंज इतके दिवस ओलागच्च असायचा. तीन तासांनी बघितलं तर दोन्ही डोळे सारखेच, म्हणून शनिवारी टिश्यू. फ्लॅशमध्ये माझी पावडर खरंच कपाळावर पांढरी उठली! आता कपाळाला कातडीच्या रंगाची दाबलेली पावडर लावणार.

एकच गडबड. आई चष्मा लावते. नाकावर गाद्यांच्या जागी दोन स्वच्छ अंडाकृती खिडक्या पडल्या आणि सगळा रंग चष्म्याच्या गाद्यांना.

विंगेतली:
तिथे फाउंडेशन लावूच नकोस. स्पंजात उरलेलं टेकव, पफ दाब, आणि चष्मा दहा मिनिटांनी घालू दे. गाद्या आधी पुसून घे, त्यांच्यावरच्या तेलानेच निम्मं निघतं. आणि रात्री मेकअप काढताना कापूस डोळ्यावर अर्धा मिनिट नुसता ठेव, मग खाली उतरव.

जडहात:
चष्म्याचं जमलं. यावेळी कढई निघाली नाही तोंडातून, उलट खुर्चीत डुलकी लागली तिला. उठल्यावर म्हणाली, "भुवया का नाही केल्यास?" त्यासाठी आता वेगळा धागा काढते.