डिस्क सरकल्यावर परत पळणं आणि जोर-बैठका: क्रम काय ठेवायचा?

रंकाळा_पहाटे

वय ३८, वजन ८२ किलो. एल५-एस१ला, म्हणजे कमरेच्या अगदी खालच्या सांध्यात, मणक्यांमधली गादी (डिस्क) सरकून डाव्या पायात उतरणारी एस१ नस दाबली गेली होती. साडेतीन महिने झाले, ऑपरेशन नाही. मांडीमागून पोटरीत उतरणारी कळ थांबलीय. राहिलंय ते डाव्या पायाच्या करंगळीला मुंग्या आणि सकाळी उठल्यावर आखडलेली कंबर. डॉक्टर म्हणाले, "हळूहळू सगळं सुरू करा." हे हळूहळू म्हणजे नेमकं किती?

सुरू करायचंय ते असं: रंकाळ्यावर पळणं, तालमीत जोर-बैठका आणि रोज बुलेटवरून शिरोली एमआयडीसी. तिथं मशीन शॉपमध्ये उभ्यानं काम, मधूनच १५-२० किलोचं कास्टिंग (ओतीव लोखंडी भाग) उचलावं लागतं. आधी काय, नंतर काय? आणि कमरेचा पट्टा किती वेळ लावायचा?

मणका_फिजिओ

दादा, आधी पोटरी तपासा. एस१ नस पोटरीला ताकद पुरवते, आणि दुखणं गेलं तरी ताकद कमीच राहिलेली असू शकते. भिंतीला दोन बोटं टेकवा, एका पायावर उभे राहा, गुडघा ताठ ठेवून टाच पूर्ण उचला आणि मोजा. उजव्या पायावर २० होतात आणि डाव्यावर ८लाच टाच अर्ध्यात अडते, असं असेल तर पळणं अजून लांब आहे. तोवर हाच व्यायाम: दोन्ही पायांवर चढायचं, डाव्या एकट्यावर सावकाश उतरायचं, १० चे ३ सेट, एक दिवसाआड. मुंग्या आणि बधिरपणा सगळ्यात शेवटी जातो, कित्येक महिने रेंगाळतो. नुसता तो आहे आणि वाढत नाही, तर त्यासाठी थांबू नका.

दुसरं, काय बरं आणि काय वाईट ते कमरेवरून ठरवू नका, पायावरून ठरवा. व्यायामानंतर कंबर थोडी जड झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत निवळली, तर चालतं. कळ कमरेतून ढुंगणात, मांडीत, पोटरीत अशी खाली सरकायला लागली, तर कंबर दुखत नसली तरी ते जास्त झालं. मग दोन दिवस नुसतं चालणं, आणि पुढच्या वेळी निम्मं. उलट कळ पायातून वर सरकून कमरेतच गोळा होत असेल, तर कंबर जास्त दुखली तरी गाडी बरोबर दिशेनं चाललीय. इथंच बरेच जण घाबरून व्यायाम सोडतात.

सकाळचा पहिला तास जपा. रात्रभर आडवं राहिल्यानं डिस्क पाणी शोषून फुगलेली असते, अशा वेळी पुढं वाकलं की तिच्यावर ताण जास्त येतो. दात घासताना एक हात बेसिनवर, एक पाय पुढं. बूट घालताना पाय स्टुलावर. उठल्या उठल्या पायाची बोटं धरायचा व्यायाम तर नकोच. आखडलेली कंबर त्यानं मोकळी झाल्यासारखी वाटते खरी, पण अर्ध्या तासात परत आखडते.

रोज करायचे तीन व्यायाम:
- गुडघे-हात टेकून उलट हात-पाय लांबवणं. पाय कमरेच्या वर गेला की कंबर खाली झोळते, चूक हमखास इथंच होते. माकडहाडाजवळ प्लास्टिकचा रिकामा ग्लास ठेवा, पडला की समजा पाय फार वर गेला.
- कुशीवर कोपर टेकून कंबर उचलणं, सुरुवातीला गुडघे दुमडून.
- उताणं झोपून एक गुडघा वर, दोन्ही तळवे कमरेखाली, डोकं-खांदे जेमतेम उचलणं. हनुवटी छातीला लावायची नाही.

प्रत्येक वेळी १० सेकंद धरायचं. आधी ६ वेळा, थोडं थांबून ४, मग २. जमायला लागलं की वेळा वाढवा, सेकंद नकोत.

आणि हे लक्षात असू द्या: लघवी अडकली, बसायच्या जागेला बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेना, तर रात्र असली तरी थेट इमर्जन्सीत जायचं.

लाल_माती

भावा, तालमीतलं मी सांगतो. जोर आणि बैठका एकदम धरू नको, आधी बैठक.

आपली बैठक पार खाली जाते, टाचा उचलतात, आणि तळाशी कंबर आत वळते. डिस्कला नडतो तो हा शेवटचा वीतभर. ४५ सेंमी उंच खुर्चीवर टेकून उठायचं, १० चे ३ सेट. दोन आठवडे पाय गप्प राहिला तर ३० सेंमीचा स्टूल. पाठ सरळ ठेवून खाली जाता आलं तरच बिनआधाराची. हात झोकून झटका घ्यायचा नाही. शंभर-दोनशेचा आकडा तर डोक्यातनं काढूनच टाक, दम लागला की पहिल्यांदा कंबरच ढिली पडते.

जोर आधी भिंतीवर, मग कमरेइतक्या कट्ट्यावर, मग जमिनीवर पण अंग फळीसारखं ठेवून. तालमीतला नेहमीचा जोर सगळ्यात शेवटी. त्यात ढुंगण वर असताना पाय ताठ राहतात, त्यानं पायातली नस ताणली जाते. मग छाती वर काढताना कंबर झटक्यानं मागं मोडते. गुडघे किंचित वाकवून सुरू कर, छाती अर्धीच उचल.

गदा, मुदगल आणि जोडीदाराशी कुस्ती नंतर. धोबीपछाडात समोरच्याचं वजन अंगावर घेऊन कंबर पिळतोस, ती सरावाची पहिली गोष्ट नव्हे. आणि कुणी "हाड बसवतो" म्हणून पाठीवर पाय द्यायला लागला, तर लांबूनच नमस्कार कर.

रंकाळा_पहाटे

धन्यवाद ताई, दादा. पोटरीची चाचणी आत्ताच केली: उजवा २१, डावा १२. म्हणजे पळणं नाहीच?

मणका_फिजिओ

अजून नाही. आधी चालणं: दिवसातून तीनदा १०-१० मिनिटं, दर चार-पाच दिवसांनी ५ मिनिटं वाढवत. पुढं सलग ४५ मिनिटं भरभर चालून पाय शांत राहिला, डाव्या पायावर टाच उचलायचा आकडा उजव्याच्या जवळपास पोचला आणि डाव्या पायावर १० छोट्या उड्या बिनदुखत झाल्या, की १ मिनिट पळणं, २ मिनिटं चालणं, असं ८ वेळा, एक दिवसाआड. एका आठवड्यात एकच गोष्ट बदला, वेळ तरी किंवा वेग तरी. पावलं आखूड आणि भराभर टाका, लांब ढांग टाकली की टाचेचा धक्का थेट कमरेत जातो. रंकाळ्याचा सपाट काठ चांगलाच. जोतिबाचा किंवा पन्हाळ्याचा चढ एक वेळ चालेल, उतार आत्ता नको. चालायला बूटच घाला, पायताण नको.

फाउंड्री_कट्टा

बुलेट आणि कास्टिंगबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

गाडी मेन स्टँडवर लावू नका, साइड स्टँड वापरा. किक नको, सेल्फ मारा. मेन स्टँडला गाडी मागं ओढताना वजन, वाकणं आणि पिळणं तिन्ही एकदम येतं. खड्डा दिसला की वेग कमी करा आणि फूटरेस्टवर भार देऊन बूड जरा उचला, धक्का गुडघ्यांत जिरतो. डब्याची-टूल्सची बॅग पाठीवर अडकवू नका, गाडीला बांधा.

कास्टिंग जमिनीवर ठेवायचंच नाही. मांडीच्या उंचीचं स्टँड किंवा ट्रॉली मागून घ्या, सुपरवायझरला डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा. घरी पाठीला काठी लावून सराव करा: डोकं, पाठीचा मधला भाग आणि माकडहाड तिन्ही काठीला टेकलेले ठेवून नितंब मागं ढकलत वाकायचं. एक जरी सुटलं, तर तुमची मर्यादा तिथवरच. मग स्टुलावरून ५ किलोची पिशवी, आठवड्याला २ किलोनं वाढवत. ओझं अंगाला चिकटवून धरायचं आणि वळताना पावलं वळवायची, कंबर नाही. मशीनपुढं एक पाय १५ सेंमीच्या ठोकळ्यावर ठेवा, थोड्या थोड्या वेळानं बदला.

पट्टा उचलायच्या कामापुरता, तास-दीड तास. दिवसभर बांधून नुसता आधार मिळतो, ताकद येत नाही.

रंकाळा_पहाटे

एक राहिलं. पुढच्या आठवड्यात घरी जेवणावळ आहे. पंगतीत मांडी घालून बसू का?

मणका_फिजिओ

बसा, पण दुमडलेलं पोतं किंवा जाड उशी बुडाखाली घ्या, गुडघ्यांपेक्षा कंबर वर राहिली पाहिजे. भिंतीची बाजू पकडा. १५ मिनिटांत उठा. आणि वाढायला जाऊ नका, बादली घेऊन वाकत वाकत पंगत फिरणं हे २० किलोच्या कास्टिंगपेक्षा वाईट.