दर गुरुवारी कॉम्प्युटरचं घड्याळ चुकतंय, सेल दोनदा बदलून झाला

सेक्रेटरीकाका (कोथरूड):
सोसायटीचा सेक्रेटरी मीच, दुसरं कुणी तयार होत नाही म्हणून. मेंटेनन्सच्या पावत्या घरच्या डेस्कटॉपवर काढतो, खाली तारीख-वेळ आपोआप छापली जाते. गुरुवारी आमच्याकडे लाइट जाते (पुणेकरांना कारण सांगायला नको). त्या दिवशी विंडोजचं घड्याळ हमखास मागे. परवा दुपारी साडेतीनला काढलेल्या पावतीवर सकाळचे दहा. त्याआधीच्या गुरुवारी सव्वानऊला काढली, तर पहाटेचे पावणेचार! तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अहो, झोपता तरी कधी?" लाइट नसताना मदरबोर्डवरचं घड्याळ चालू ठेवणारा सीआर २०३२ सेल तपकीर गल्लीतून आणून दोनदा बदलला. आता दुकानदार म्हणतो, मदरबोर्डच बदला.

पेठकर:
सेल डुप्लिकेट असणार. मल्टिमीटर लावा, ३ व्होल्ट यायला हवेत.

सेक्रेटरीकाका:
लावला की. ३.२ दाखवतो.

टर्मिनलवाली:
काका, मदरबोर्डला हात लावू नका. सेल गेला असता तर तारीखच कुठल्या कुठे गेली असती आणि ब्राउझरने वेबसाइटच्या सर्टिफिकेटची तारीख जुळत नाही म्हणून कटकट केली असती. तुमचा फरक दोन्ही वेळा बरोब्बर साडेपाच तासांचा आहे, म्हणजे ग्रिनिच आणि आपल्यातला. आणि सव्वानऊला लाइट गेलेली तरी होती का? या मशीनवर विंडोजच्या जोडीला लिनक्स ही दुसरी सिस्टीम आहे का? बुधवारी रात्री कोण बसतं?

सेक्रेटरीकाका:
सव्वानऊला लाइट होती, खरंच की! बुधवारी भाचा जेवायला येतो, इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीत त्यानेच उबंटू, म्हणजे लिनक्सच, टाकून दिलं. पण त्यात तर वेळ बरोबर दिसते.

टर्मिनलवाली:
दिसणारच. मदरबोर्डवरच्या घड्याळात उबंटू यूटीसी, म्हणजे ग्रिनिचची वेळ, ठेवतं आणि दाखवताना साडेपाच तास मिळवतं. इंटरनेटवरून वेळ जुळलेली असली की ते घड्याळ दर ११ मिनिटांनी पुन्हा लिहितंसुद्धा. विंडोज मात्र तोच आकडा भारतीय वेळ समजून जसाच्या तसा दाखवतं. लाइटचा बिचारीचा काही दोष नाही.

विंडोजच्या रजिस्ट्रीत (सगळी सेटिंग्ज जिथे साठवलेली असतात तिथे), करंट कंट्रोल सेटखाली, 'टाइमझोनइन्फर्मेशन' आहे. तिथे 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' नावाची डीवर्ड (आकडा ठेवणारी) व्हॅल्यू करून १ द्या, रीस्टार्ट करा आणि वेळ एकदा सिंक करा. रजिस्ट्रीची भीती वाटत असेल तर उलटं करा, उबंटूलाच स्थानिक वेळ ठेवायला सांगा. वर्षातून दोनदा घड्याळं पुढे-मागे करणाऱ्या देशांत त्याने गोंधळ होतो, आपल्याकडे ती भानगडच नाही.

पेठकर:
आणि मी सेलवर घसरलो! रजिस्ट्रीची आधी कॉपी काढून ठेवा, काका.

सेक्रेटरीकाका:
बुधवारी जेवण झाल्यावर भाच्याकडूनच करून घेतलं, कॉपीसकट. आज गुरुवार. लाइट गेली, आली, पावतीवर चार वाजून दहा मिनिटं, भिंतीवरही तेच. आधी काढलेला सेल वजनकाट्यात घातलाय, चालतोय. वजन चुकीचं दाखवतो म्हणून घरातून तक्रार आहे, पण ती सेल बदलायच्या आधीपासूनची.