कंसात कंस रेजेक्सने (मजकूर शोधायच्या पॅटर्नने) कसे पकडायचे?

प्रश्न: नोटपॅड++ या एडिटरमध्ये जुन्या फाइलीतले सगळे लॉग(...) उडवायचेत. लॉग\(.*?\) टाकलं तर लॉग(बेरीज(अ,ब),क) मध्ये ब नंतरच थांबतं आणि मागे ,क) लोंबकळतं, आणि ? काढला तर ओळीतल्या शेवटच्या कंसापर्यंत सगळं गिळतं. वैताग आलाय.

उत्तर १: साध्या रेजेक्सला कंस मोजता येत नाहीत रे. पण नोटपॅड++ मध्ये बूस्ट लायब्ररीचं रेजेक्स इंजिन आहे, रिकर्शन (पॅटर्नने स्वतःलाच आत परत बोलावणं) चालतं: \((?:[^()]++|(?0))*\)

प्रश्नकर्ता: पुढे लॉग लावलं की काहीच सापडत नाही!

उत्तर २: (?0) म्हणजे अख्खा पॅटर्न परत, म्हणून आतल्या कंसाआधीपण तो लॉगच शोधतोय. कंसाच्या भागाचा ग्रुप कर आणि (?1) ने फक्त तोच परत बोलाव: लॉग(\((?:[^()]++|(?1))*\)). स्ट्रिंगमध्ये (अवतरणातल्या मजकुरात) एकटा ) असला तर मात्र फसेल, आणि व्हीएस कोड एडिटरच्या फाइंडमध्ये हे चालत नाही.

प्रश्नकर्ता: चाललं! कंसमामाचा वध झाला 😄